सूर्यफुलाचं काळं कडं

ऑगस्ट संपत आलाय. कॅन्ससमध्ये, फ्लिंट हिल्सकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या कडेला सूर्यफुलं फुललीत. कुणी पेरलेली नाहीत. सूर्यफूल मूळचं उत्तर अमेरिकेचंच, इथे ते रानात आपसूक उगवतं. एकेका झाडाला फुलंच फुलं, पण तळहातात मावतील एवढीच. आमच्या औशाकडे सोयाबीन येण्याआधी सूर्यफुलाची शेतं असायची. तिथे एका झाडाला एकच भलंमोठं फूल. ही त्याची रानातली भावंडं.

आपल्याला ही पाकळी बुडापासून टोकापर्यंत सारखीच पिवळी दिसते. मधमाशीला तशी दिसत नाही. आपली नजर साधारण ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशापाशी थांबते. माशीला त्याखालचा, ३०० पर्यंतचा अतिनील प्रकाशही दिसतो. तोच मला टिपायचाय.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला अतिनील थोडाफार कळतो, पण त्याच्यापुढे तो अडवणारी काच बसवलेली असते. ती मी काढून घेतलीय. नवी भारी लेन्स इथे कामाची नाही, तिची भिंगं आणि त्यांवरचे लेप अतिनील अडवतात. म्हणून ही डार्करूममधल्या एनलार्जरची, म्हणजे फिल्मवरून मोठा फोटो छापायच्या यंत्राची, जुनी लेन्स. तिच्यावर हा काळाकुट्ट फिल्टर: अतिनील तेवढा आत, बाकी सगळा उजेड बाहेर.

आणि वारा! प्रेअरीवर, या गवताळ माळावर, तो थांबतच नाही. शटर सेकंदभर उघडं ठेवावं लागतं, तेवढ्यात फूल हललं की सगळं पुसट. देठ चिमट्याने काठीला धरून ठेवते आणि दोन झुळकांच्या मधली उसंत मिळेपर्यंत श्वास रोखून थांबते.

हा बघा फोटो. पाकळ्यांची टोकं पांढरी झळझळीत, बुडं काळीभोर. मधल्या चकतीभोवती काळं कडंच उमटलंय. हा काळेपणा फ्लेव्होनॉल रंगद्रव्यांचा. ती अतिनील शोषून घेतात. माशीला उतरायची जागा कळते ती यावरून.

सगळ्या झाडांवर हे कडं सारखं नसतं. कुठे नावापुरतं, कुठे जवळपास अख्खी पाकळी काळी. २०२२ साली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी रानसूर्यफुलांमधला हा फरक तपासला, तेव्हा त्यामागे मुख्यतः एकच जनुक निघालं. मला मात्र त्यांची दुसरी गोष्ट सोडवत नाही: हवा जितकी कोरडी, तितकं कडं मोठं. मोठ्या कड्याच्या फुलांतलं पाणी सावकाश उडतं. म्हणजे माशीला वाट दाखवणारा डागच फुलाची ओलही राखतो. दुष्काळात वाढलेल्या माणसाला हे फार जवळचं वाटतं.

हा फोटो मी अण्णांना पाठवला. त्यांनी लगेच फोन केला, "आपल्या शेतातल्या फुलांनाही असतं का गं हे?"

असतं, अण्णा. बांधावर बसून आपण भाकरी खायचो, तेव्हा समोरच्या फुलांवर होतंच ते.