मेलेल्या काडतुसाची गोष्ट

(ज्येष्ठ नागरिकांच्या एका व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. लिहून काढताना थोडं झाडूनपुसून घेतलं आहे.)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘काडतुसाचं अर्थकारण : कापूस ते अँटिमनी’. हे बारसं आपल्या चिटणीसांनी केलं. मी सुचवलेलं नाव होतं ‘शेजाऱ्याच्या गॅरेजमधल्या कॅपा’. ते म्हणाले, त्यानं हॉल भरणार नाही. आता मागच्या खुर्च्या बघतोय, तर यानंही भरलेला नाही.

माझी ओळख करून देताना ते म्हणाले, ‘यांनी आयुष्यभर दारूच्या कारखान्यात काम केलं.’ तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या दोघांचे चेहरे एकदम उजळले. मंडळी, ती दारू नव्हे, बंदुकीची. मी चार्जमन, म्हणजे कारखान्यातला पर्यवेक्षक, म्हणून निवृत्त झालो. नातवाची समजूत अशी की आजोबा मोबाईल चार्ज करून द्यायचे.

विषयाला हात घालण्याआधी माझं एक जुनं दुखणं सांगून घेतो. पेपरात बातमी येते, ‘एक गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे जप्त’. खालच्या परिच्छेदात त्याच दोन काडतुसांच्या ‘दोन गोळ्या’ होतात. काडतूस आणि गोळी यांत टपाल आणि पाकिटाइतका फरक आहे. मी संपादकांना चार पत्रं लिहिली. एक छापून आलं, तेही राशिभविष्याच्या खाली. असो. काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी कॅप, आत दारू आणि तोंडाशी गोळी. घोडा ओढला की कॅप फुटते, दारू पेटते, गोळी जाते आणि मागे उरते ती रिकामी पुंगळी. म्हणजे मेलेलं काडतूस. जिवंत काडतुसाबद्दल सगळे लिहितात, मेलेल्याचं पुढे काय होतं हे कोणी विचारत नाही. अमेरिकेत त्याचं पुढे पुष्कळ काही होतं.

आम्ही दोघं जानेवारी २०२० मध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी टेक्सासला गेलो. ह्यूस्टनच्या बाहेर. २३ मार्चला इकडची विमानं बंद झाली आणि सहा महिन्यांचे पाहुणे आम्ही वर्षाचे झालो. जावयाच्या घरी वर्षभर! हसू नका, त्यानं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. सकाळी मी मास्क लावून फिरायला निघायचो, तेव्हा शेजारच्या गॅरेजचं शटर उघडं असायचं. आत एक म्हातारा, माझ्याच वयाचा, भिंगाचा चष्मा लावून बसलेला. पुढ्यात एक दाबयंत्र. रसवंतीगृहाची आठवण यावी असा त्याचा लांब दांडा. तो खाली ओढला की खट् असा आवाज व्हायचा.

तो आवाज मी ओळखला. आयुष्य त्यात गेलेलं.

हा गडी रिकाम्या पुंगळ्या घरी आणून पुन्हा भरायचा. तिकडे हा छंद आहे, कायदेशीर आहे, आणि लाखो लोक करतात. कारण साधं. काडतुसात महाग भाग पुंगळीचा, आणि ती एका बारानं मरत नाही, नीट सांभाळली तर पुष्कळ वेळा भरता येते. शिवाय आपल्या बंदुकीला मानवेल तसं मोजूनमापून भरता येतं. आपण साडीची पर्स करतो, पायजम्याचं फडकं करतो, त्याच जातीचं हे काम. त्याच्याकडे पुंगळ्यांनी भरलेल्या पाच बादल्या होत्या. गोळ्या तो भंगारातलं शिसं वितळवून स्वतः ओतायचा. दारूचे डबे फळीवर. मला म्हणाला, ‘बाजार बंद झाला तरी माझं काही अडत नाही.’

पुढच्या आठवड्यात त्याचं अडलं.

अडलं कुठे? कॅपवर. मंडळी, कॅप म्हणजे मसुराच्या दाण्याएवढी धातूची वाटी. आत चिमटीतही येणार नाही एवढा मसाला. शिसं तुम्ही चुलीवर वितळवाल, पुंगळी दाबून सरळ कराल, पण कॅप घरी करता येत नाही, आणि करूही नये. आमच्याकडे ज्या इमारतींत हे काम चाले त्यांना डेंजर बिल्डिंग म्हणत. गेटवर काडेपेटीसाठी झडती. आत जाताना बूट बदलायचे, अंगावर सुती कपडे, आणि उंबऱ्याजवळच्या धातूच्या पट्टीला हात लावून अंगातली वीज उतरवायची. देवळात शिरताना घंटा वाजवतात तसं. मसाला ओला असतानाच भोकाभोकांच्या पाटीवर पसरायचा, एकेका भोकात एकेका कॅपचा वाटा. ओला असतो तोवर गरीब गाय. वाळला की त्याच्याशी मोठ्यानं बोलायचं नाही. उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की आमचे साहेब आकाशाकडे बघायचे, शेतकऱ्यासारखे.

माझ्या मामांची सिंधुदुर्गात ठासणीची बंदूक होती. शेतीरक्षणाचा परवाना, रानडुकरांसाठी. ती बंदूक मामींपेक्षा वयानं मोठी. मामा तिच्या टोप्या, म्हणजे कॅपाच, चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवायचे आणि रात्री झोपण्याआधी मोजायचे. दारू किती उरली हे त्यांना कधी ठाऊक नसे. टोप्या किती हे झोपेतून उठवून विचारा. तेव्हा मी हसायचो.

तर आता शेजाऱ्याच्या कॅपांच्या रांगेची गोष्ट सांगतो. नोव्हेंबर २०२०. शेजाऱ्याला बातमी लागली की एका दुकानात उद्या सकाळी कॅपा येणार. तिकडे हजार कॅपांच्या खोक्याला वीट म्हणतात. आत शंभराच्या दहा ताटल्या असतात. माणशी एकच वीट मिळणार होती. म्हणून म्हणाला, ‘तूही चल, दोन मिळतील.’ मी स्वेटर चढवला. रांग म्हटल्यावर आपल्याला उत्साह येतोच. ७२-७३ च्या दुष्काळात रॉकेलच्या रांगेत मी डबा ठेवून कॉलेजला गेलोय, आणि परत येईपर्यंत डबा चार जागा पुढे सरकलेला असायचा. तिथे पाहतो तर पहाटे पाचला अंधारात तीस-चाळीस घडीच्या खुर्च्या. माणसं गाडीत झोपलेली, खुर्च्या रांगेत. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात जावयाचा फोन. त्याला इतका घाबरलेला मी लग्नातही पाहिला नव्हता. ‘बाबा, काही विकत घेऊ नका, हातसुद्धा लावू नका!’ गोष्ट अशी की व्हिसावर आलेल्या परक्या माणसाला तिथे काडतूस बाळगायची मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण आमच्याकडे कसला परवाना! आणि तिथल्या कायद्यात काडतूस म्हणजे नुसती कॅपही आली, नुसती दारूही आली. बघा, त्यांचा कायदासुद्धा कॅपला ओळखतो, आपले संपादक ओळखत नाहीत.

मग मी नुसता सोबतीला थांबलो. आपला विठोबा अठ्ठावीस युगं विटेवर उभा, आणि हा माझा शेजारी विटेसाठी उभा. नऊला दार उघडलं. साडेनऊला आतल्या मुलानं हात हलवले, संपल्या. आमच्या पुढे सहा जण होते. शेजारी शिव्या देणारा माणूस नव्हे. गाडीत बसला आणि म्हणाला, ‘टाळेबंदीच्या आधी मी ही वीट तीस-पस्तीस डॉलरला घेत होतो आणि वर भावावर कुरकुर करत होतो.’ पुढल्या वर्षी लोक तीच वीट हातोहात शंभर, दीडशे, कधी दोनशेलाही विकत होते. मला तोवर विटेचा वीट आला होता. दुकानासमोर कॅप न मिळालेले सगळे एकमेकांना सांगत होते, लोकांनी साठेबाजी केली हो. आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी दोन विटा होत्या. शेजाऱ्याच्या घरी तीन. मीच मोजल्या होत्या. मोजायला कायद्याची मनाई नाही.

एक मिनिट. चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे.’ अहो, अजून कापूस यायचाय!

बरं, भराभर सांगतो. कॅपा गेल्या कुठे? अमेरिकेत दुकानातून बंदूक विकताना सरकारी तपासणी होते. तिचा आकडा २०१९ मध्ये सुमारे २ कोटी ८४ लाख, २०२० मध्ये ३ कोटी ९७ लाख. साथ, दंगली, निवडणूक, सगळं एकाच वर्षात. नवी बंदूक घेणारा आधी तयार काडतूस मागतो. आणि कॅप करणाऱ्या मोठ्या कंपन्या तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सीसीआय, फेडरल, विंचेस्टर, रेमिंग्टन. त्या स्वतःच काडतुसंही करतात. मागणी वाढली की कॅप आधी घरच्या काडतुसात जाते, सुटी विकायला उरेल ती उरेल. सुगरणीनं घरची पंगत उठल्यावर डबे भरावेत तसं. त्यात रेमिंग्टन २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरीत गेलेली. तिचा आर्कान्सातला काडतुसांचा कारखाना २०२० च्या शरद ऋतूत दुसऱ्या कंपनीनं घेतला.

तुम्ही विचाराल, मग नवा कारखाना का काढत नाहीत? काढला असता. पण ही मागणी लाटेची. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत हत्याकांड झालं, कायदा कडक होईल म्हणून २०१३ मध्ये अशीच झुंबड उडाली, आणि चार वर्षांनी तोच माल फळीवर पडून. डेंजर बिल्डिंग बांधायची, माणसं शिकवायची, आणि तोवर लाट ओसरायची. दहीहंडीसाठी कोणी वर्षभर पगारी गोविंदा ठेवत नाही.

आता कापूस. बंदुकीच्या धूरविरहित दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज, म्हणजे आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस. त्यासाठी वापरतात सरकीवरची लव. जिनिंगमध्ये रुई निघते, सरकीला जी आखूड लव चिकटून राहते ती लिंटर. विदर्भातल्या मंडळींना दाखवायला नको, सरकी चोळली की बोटाला लागते ती. युरोप ही लव सत्तर टक्क्यांहून अधिक चीनकडून घेतो, हे ऱ्हाइनमेटाल या जर्मन शस्त्रास्त्र कंपनीच्या प्रमुखांनी २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितलं. रायफलच्या एका काडतुसात दारू दोन-तीन ग्रॅम. १५५ मिलिमीटरच्या तोफेला एका बारामागे कित्येक किलो. २०२२ पासून युक्रेनमध्ये तोफा किती चालल्या ते तुम्ही वाचलंय. तोफ गिळते तेव्हा गॅरेजवाल्याला शिंतोडाही मिळत नाही. सीसीआय आणि फेडरलच्या तेव्हाच्या मालक कंपनीनं एप्रिल २०२४ पासून दारूचे भाव वाढवले, कारण दिलं जगभरच्या टंचाईचं.

‘पाच मिनिटे.’ हो, हो.

अँटिमनी. हा एक धातू. जुना सुरमा म्हणजे याचंच सल्फाइड. शिशात घातलं की गोळी कडक होते, आणि कॅपच्या मसाल्यातही तेच. सर्वांत जास्त काढतो चीन. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी निर्यातीला परवाना लावला, डिसेंबरात अमेरिकेला देणंच बंद केलं. वर्षभरात भाव तिपटीच्या घरात. आपल्या नेमबाजांच्या परदेशी काडतुसांचं बोलणार होतो, भंडाऱ्याच्या आणि वरणगावच्या दारूगोळा कारखान्यांचं बोलणार होतो, ते राहिलं. आणि व्याख्यानानंतर मला गाठून ‘साहेब, कॅप कुठे मिळते’ असं कोणी विचारू नका. आपल्याकडे काडतुसाचे सुटे भागही परवान्याखेरीज बाळगता येत नाहीत. मला नव्या जागी पेन्शन घ्यायची नाही.

१८५७ च्या काडतुसावर प्रश्न असेल, तर तो पुढच्या वर्षी.

मागच्या रविवारी शेजाऱ्याचा फोन होता. म्हणाला, कॅपा आता फळीवर दिसतात, पूर्वीच्या भावात नाही पण दिसतात. पाच विटा घेऊन ठेवल्यात. पण जी दारू त्याच्या रायफलला मानवते तिचा डबा गावभर नाही. मी त्याला लिंटरचं सगळं सांगितलं, अगदी आत्ता तुम्हाला सांगितलं तसं, भराभर. पलीकडे बराच वेळ शांतता. मग विचारतो, ‘तुमच्याकडे यंदा कापूस कसा आहे?’

म्हटलं, यवतमाळला साडू आहे, विचारून कळवतो.