बादलीतले ४० पीपीएम

(दृश्य : निफाड तालुक्यातली द्राक्षबाग. मांडवाखाली बादल्या.)

फळासाठीची गोडी छाटणी झाली, फुलोरा सरला, थॉमसन जातीच्या द्राक्षाचा मणी ज्वारीएवढा झाला की बागेत डिपिंगची घाई उडते. एकेक घड जिब्रेलिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवायचा. बागायतदारांच्या तोंडी ते नुसतं ‘जीए’. भाताची रोपं भलतीच उंच वाढवणारं द्रव्य एक बुरशी सोडते, हे कुरोसावा या जपानी संशोधकाने १९२६ साली दाखवलं. तेच हे संजीवक. इथे ते मणी फुगवतं. मात्रा जास्त झाली, तर देठ जाड आणि कडक होतात.

या टप्प्याला साधारण ४० पीपीएम लागतं. पीपीएम म्हणजे लिटरला मिलिग्रॅम. दहा लिटरच्या बादलीला ४०० मिलिग्रॅम. दर बादलीला एवढीशी पावडर तोलत कोण बसणार? शिवाय जीए पाण्यात चटकन विरघळतही नाही. म्हणून आधी अ‍ॅसिटोनमध्ये दाट द्रावण करतात. त्याच्या आसपास काडी ओढायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

(दृश्य : काटा, पाकिटावरचा आकडा.)

पाकिटावर ९० टक्के लिहिलंय. म्हणजे ५ ग्रॅम जीए हवं, तर पावडर ५.५६ ग्रॅम. ती थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून मग ५०० मिलीच्या खुणेपर्यंत भरायचं. आता दर मिलीत १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० पीपीएम.

बादलीला किती? शाळेतलंच सूत्र : आधीची तीव्रता गुणिले आधीचं आकारमान बरोबर नंतरची तीव्रता गुणिले नंतरचं आकारमान. बादली १०,००० मिलीची, दाट द्रावण १०,००० पीपीएमचं. उत्तर ४० मिली. आकडे मुद्दामच असे घेतलेत, बांधावर तोंडी हिशेब व्हावा म्हणून : जितके पीपीएम, तितके मिली. पुढच्या डिपिंगला ३० पीपीएम, तर ३० मिली.

गडबड होते ती उन्हं चढल्यावर. घड बुडवून बुडवून बादली सात लिटरवर येते आणि कुणीतरी पाइपने साधं पाणी सोडून ती पुन्हा भरतं. झालं, २८ पीपीएम. तसंच आणखी एकदा केलं की २० च्याही खाली. मग एकाच बागेत या ओळीचा मणी टपोरा, त्या ओळीचा बारीक, आणि दोष पावडरीला.

बादलीत भर घालायची तर तीन लिटर पाण्यामागे दाट द्रावण १२ मिली.