माईंची मुलाखत

श्रोतेहो, नमस्कार. बडोद्यातल्या मराठी घरांत हल्ली निम्म्या गप्पा न्यू जर्सीच्या घड्याळावर चालतात. म्हणून आज बोलू या ग्रीन कार्डवाल्या, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना असलेल्या आई-वडिलांबद्दल. त्यांना अमेरिकेचं नागरिकत्व घ्यायचं असेल, तर त्यांचे हक्क कोणते आणि मदत कुठे मिळते?

ग्रीन कार्डावर ५ वर्षं झाली की एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज भरता येतो. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल आणि संसार एकत्र असेल, तर ३ वर्षांनी. मात्र इथे भारतात येऊन सलग ६ महिन्यांच्या वर राहिलात, तर वास्तव्यात खंड पडला असं धरतात आणि तो पडला नाही हे तुम्हाला पटवून द्यावं लागतं. नातवाची मुंज, मग नवरात्र, मग दिवाळी, मग उत्तरायणाचे पतंग... म्हणून ६ महिन्यांच्या आत परत. पुन्हा सांगते, ६ महिन्यांच्या आत.

आता आमच्या दांडिया बाजारातल्या माई. सत्तरी ओलांडलेली, मुलाकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला. इंग्रजी म्हणाल तर ‘थँक्यू’ आणि ‘नो शुगर’, एवढंच. मुलगा म्हणे, आई, तुझं काही जमायचं नाही. (हाच मुलगा सेवउसळीवर चीज किसून घालतो, तेव्हा त्याचं मत किती मानायचं ते तुम्हीच ठरवा. चीज! आमच्या सेवउसळीवर!) पण अर्ज करताना वय ६५ किंवा जास्त आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं, असं असलं की मुलाखतीत होणारी अमेरिकेच्या माहितीची परीक्षा इंग्रजीऐवजी आपल्या भाषेत देता येते. फक्त २० प्रश्नांची यादी, त्यातले १० विचारतात, ६ बरोबर आले की पास. माईंनी ती यादी हिशेबाच्या वहीत मराठीत उतरवली आणि पोळ्या लाटता लाटता पाठ केली.

मुलाखतीला दुभाष्या आपला आपण न्यायचा असतो. शेजारच्या एक निवृत्त बाई गेल्या सोबत. अधिकाऱ्याने विचारलं, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा कुठे आहे? माई म्हणाल्या, न्यूयॉर्कला. तिथे थांबतील तर माई कसल्या! “तिथेच आमच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन शिकायला पाठवलं. आणि शिकून आल्यावर आमच्याच बडोद्यात त्यांना राहायला कोणी जागा दिली नाही, हेही सांगा त्यांना.” दुभाष्या बाई गोंधळल्या, हे सांगायचं की नाही? अधिकारी म्हणाला, सगळं सांगा. बाईंनी सगळं सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं, माईंकडे पाहिलं, आणि पुढचा प्रश्न विचारला: लिंकनने काय केलं? माई तयारच होत्या. “गुलामगिरी संपवली.” सहा उत्तरं बरोबर झाली आणि प्रश्न थांबले. माईंना मात्र राग आला, उरलेले का विचारले नाहीत म्हणून!

बाकी थोडक्यात. ६५ झाले नसतील तरी ५० वय आणि २० वर्षं ग्रीन कार्ड, किंवा ५५ आणि १५, असं असेल तर इंग्रजीची माफी आहे. प्रश्न मात्र पूर्ण यादीतले. पहिल्यांदा नापास झालात तर ६० ते ९० दिवसांत दुसरी संधी मिळते. विस्मरणासारखा आजार असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यावर सूट मागता येते. उत्पन्न कमी असेल तर फी माफीचा वेगळा अर्ज आहे. मुलाखतीला वकील नेण्याचा तुमचा हक्क आहे.

कायद्याचा सल्ला मात्र वकिलाकडूनच घ्या, नाहीतर तिथल्या न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीकडून. हे प्रतिनिधी सेवाभावी संस्थांत असतात आणि पुष्कळदा नाममात्र पैसे घेतात. किराणा दुकानाच्या कोपऱ्यात फॉर्म भरून देणाऱ्या ‘ओळखीच्या’ माणसाकडून नको. पुन्हा सांगते, ओळखीच्या माणसाकडून नको.

आणि एक. तिकडची शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व आपोआप संपतं. भारताचा पासपोर्ट वाणिज्य दूतावासात जमा करायचा आणि मग भारतात व्हिसाशिवाय येता यावं म्हणून ओसीआय कार्ड काढायचं. माईंनी ते लगेच काढलं, कारण गौरी तोंडावर आल्या होत्या.