निरभ्र आकाश आणि दूरच्या वादळाचा समुद्र

श्रोतेहो, नमस्कार.

हवाई द्वीपसमूहातील सर्वांत मोठ्या बेटाचे नावही हवाई हेच आहे. त्या बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, कोहाला भागातील एका रिसॉर्टमध्ये, मी फेब्रुवारी महिन्यात आठ दिवस राहिलो होतो. आज मला तिथल्या रोजच्या समुद्राविषयी बोलायचे आहे, कारण आकाशाकडे पाहून समुद्राचा अंदाज बांधण्याची माझी जुनी सवय तिथे तिसऱ्याच दिवशी साफ चुकीची ठरली.

हे बेट कोहाला, मौना केआ, हुआलालाई, मौना लोआ आणि किलाउएआ या पाच ज्वालामुखींनी मिळून घडवलेले आहे. मौना केआचे शिखर समुद्रसपाटीपासून ४,२०७ मीटर उंच आहे, पण समुद्रतळापासून मोजले तर हा पर्वत ९,००० मीटरहून अधिक उंच भरतो. म्हणजे त्याचा अर्ध्याहून जास्त भाग पाण्याखालीच आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे आपला पाऊस या पर्वतांच्या पलीकडच्या उतारावर रिता करतात आणि म्हणून कोहालाचा पश्चिम किनारा कोरडा व लख्ख उन्हाचा राहतो. याच पश्चिम किनाऱ्यावरील कोना गावाचा विमानतळ हुआलालाईच्या १८०१ सालच्या लाव्हावर उभा आहे. तिथून उत्तरेकडे निघाले की कित्येक किलोमीटर दोन्ही बाजूंना काळा, खडबडीत लाव्हाच दिसतो आणि त्या काळेपणात मध्येच हापुना किंवा काउनाओआ यांसारखी पांढऱ्या वाळूची पुळण समोर येते. काउनाओआच्या चंद्रकोरीसारख्या पुळणीवर १९६५ साली अमेरिकी उद्योगपती लॉरन्स रॉकफेलर यांनी हॉटेल उभारले आणि या ओसाड किनाऱ्यावर रिसॉर्टची वस्ती सुरू झाली. पांढरी वाळू प्रवाळांच्या आणि शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची असते. प्रवाळ कुरतडून त्याची वाळू करणाऱ्या पोपटमाशांचाही त्यात मोठा वाटा असतो. काळी वाळू मात्र तापलेला लाव्हा समुद्रात शिरताना फुटून तयार होते आणि लाव्हाचा प्रवाह थांबला की तिची भरपाईही थांबते. दक्षिणेकडील काइमूची प्रसिद्ध काळी पुळण तर १९९० साली किलाउएआच्या लाव्हाखालीच गाडली गेली.

आता समुद्राकडे वळू. खंडांच्या किनाऱ्यापुढे बहुधा उथळ तळाचा रुंद पट्टा असतो आणि दुरून आलेली लाट त्यावर घासत घासत आपली बरीच शक्ती गमावते. ज्वालामुखीच्या तरुण बेटाभोवती असा पट्टा जवळजवळ नसतो, उतार थेट खोल पाण्यात जातो. लाटेला तळ जाणवू लागतो तो साधारणपणे तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर. दर १६ सेकंदांनी एक या गतीने येणाऱ्या लाटांची खोल पाण्यातील लांबी सुमारे ४०० मीटर असते, म्हणजे त्यांना तळ लागतो तो २०० मीटर खोलीवर, आणि या बेटाभोवती एवढी खोली किनाऱ्यापासून फार दूर नसते. त्यामुळे अशी लाट आपली बहुतेक शक्ती राखून किनाऱ्यापाशी येते आणि अखेरच्या थोड्या अंतरात ती सगळी एकदम मोकळी करते.

या लाटा येतात कुठून, हे कळल्यावर मला तिसऱ्या दिवसाचा उलगडा झाला. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमध्ये मोठी वादळे होतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटांचे थवे हजारो किलोमीटर प्रवास करत हवाईला पोहोचतात. १६ सेकंदांच्या लाटांचा थवा ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने सरकतो, म्हणजे ३,००० किलोमीटर दूरच्या वादळाची लाट जवळजवळ तीन दिवसांनी येते. तोपर्यंत ते वादळ विरूनही गेलेले असेल आणि आपल्या डोक्यावर ढगाचा ठिपकाही नसेल. शेजारच्या माउई आणि इतर बेटांच्या आडोशामुळे उत्तरेकडून येणाऱ्या पुष्कळशा लाटा कोहालाच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. परंतु लाटांची दिशा थोडी पश्चिमेकडे कलली की हा आडोसा उपयोगी पडत नाही. म्हणूनच लाटा किती उंच आहेत, एवढेच विचारून भागत नाही. त्या कोणत्या दिशेने येत आहेत आणि दोन लाटांमध्ये किती सेकंदांचे अंतर आहे, हेही विचारावे लागते, आणि माझ्या मते हे अंतर उंचीपेक्षाही अधिक सांगून जाते. अंदाजात दिलेली उंची बहुधा सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पटही येऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

त्या तिसऱ्या सकाळी हापुनाच्या पुळणीवर मी पोहोचलो तेव्हा पाणी शांत होते. मी पोहण्याच्या तयारीने निघालोही होतो, पण जीवरक्षकाने हाताने थांबवले आणि थोडा वेळ बसून पाहायला सांगितले. दहा-बारा मिनिटे काहीच घडले नाही. मग पाठोपाठ पाच लाटा उठल्या आणि जिथे मी उभा राहणार होतो नेमक्या त्याच ठिकाणी, गुडघाभर पाण्यात, त्या सरळ वाळूवर आदळल्या. अशा लाटा मानेला आणि पाठीच्या कण्याला गंभीर इजा करतात. मोठ्या लाटा थव्याने येतात आणि दोन थव्यांमधली शांतता फसवी असते, म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी निदान पंधरा-वीस मिनिटे समुद्र पाहण्याचा तिथला आग्रह अगदी रास्त आहे. लाटांच्या रांगेत मध्येच एखादा पट्टा सपाट आणि गढूळ दिसला, तर बहुधा तिथूनच पाणी किनाऱ्यापासून खोल समुद्राकडे ओढले जात असते. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा सोयीची वाटते. या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये, अंग सैल सोडून तरंगावे, हात उंचावून मदत मागावी आणि शक्य असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर यावे.

दिवसाचीही एक लय असते. सकाळी वारा बहुधा पडलेला असतो, पाणी नितळ दिसते आणि स्नॉर्केल, म्हणजे पाण्यात श्वास घेण्याची नळी, लावून प्रवाळ पाहायला तीच वेळ उत्तम. दुपारी वारा वाढतो व पाणी खळाळू लागते. भरती-ओहोटीतील फरक तिथे साधारण एक मीटरच्या आत असतो, तरी ओहोटीला लाव्हाचे खडक आणि त्यांतील काटेरी सी अर्चिन वर येतात. हे खडक इतके धारदार असतात की हलक्या लाटेने ढकलले तरी कातडी सोलवटते.

एक गोष्ट मला विशेष आवडली. सच्छिद्र लाव्हातून झिरपलेले पावसाचे पाणी किनाऱ्यालगत समुद्रात उमलते. पोहताना अचानक गार लागते आणि गोडे व खारे पाणी मिसळते तिथे डोळ्यांपुढचे सगळे धूसर, थरथरते दिसू लागते. चष्म्याला काही झाले असावे असे वाटून मी तो दोनदा पुसला होता.

बेट जिवंत आहे याची आठवण किनाऱ्यावरही ठेवावी लागते. २३ मे १९६० रोजी चिलीच्या भूकंपाने उठलेल्या त्सुनामीत पूर्व किनाऱ्यावरील हिलो शहरात ६१ माणसे दगावली. इशाऱ्याचे भोंगे आता दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी पावणेबारा वाजता तपासले जातात. जमीन जोरात हादरली किंवा पाणी एकाएकी मागे हटले, तर भोंग्याची वाट न पाहता उंचावर जावे.

त्या लाटा दोन दिवस टिकल्या. पाचव्या सकाळी जीवरक्षकाला पुन्हा विचारले, तेव्हा त्याने दोन लाटांमधले अंतर नऊ सेकंदांवर आल्याचे सांगितले. तरीही मी वीस मिनिटे वाळूवर बसून पाहिले. त्या वेळात एक हिरवे कासव श्वास घ्यायला तीनदा वर आले. मग मी पाण्यात उतरलो.