निळं लेबल, पिवळं लेबल

नमस्कार मंडळी. माझ्या हातात दोन तबकड्या आहेत, सात इंची, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या. मागच्या रांगेत दिसाव्यात म्हणून उंच धरतो. ही निळ्या लेबलची, १९६२ सालची. वर नाव ‘स्टॅक्स’ आणि त्याच्याजवळ रेकॉर्डींची एक वेडीवाकडी चळत काढलेली आहे. ही दुसरी पिवळ्या लेबलची, १९६८ च्या अखेरची. नाव तेच, स्टॅक्स, पण चळत गेली आणि तिथे चुटकी वाजवणारा हात आला. रेकॉर्ड कंपनी तीच, शहर तेच, अमेरिकेतलं मेम्फिस, रस्त्यावरची इमारतही तीच. कुणाला नवं चित्र आवडलं म्हणून बदललं असेल, असं मी बरीच वर्षं समजत होतो. खरं कारण वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. निळ्या लेबलची सगळी गाणी त्या वर्षी कंपनीच्या हातातून गेली होती. ती कशी गेली, ते सांगायला मी आज उभा आहे.

सुरुवात एका भावाबहिणीपासून करू. जिम स्ट्युअर्ट दिवसा बँकेत नोकरी करायचा आणि संध्याकाळी कंट्री संगीताच्या वाद्यवृंदात फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवायचा. १९५७ मध्ये त्याने एका गॅरेजमध्ये ध्वनिमुद्रण सुरू केलं. कंपनीचं नाव होतं सॅटेलाइट. यंत्र साधं, अनुभव शून्य. त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी, तीही बँकेतच कामाला. घर, संसार, दोन मुलं. भावाने यंत्रासाठी पैसे मागितले, तेव्हा तिने नवऱ्याला राजी केलं आणि राहतं घर गहाण टाकलं. त्या पैशातून अँपेक्स कंपनीचं टेपयंत्र आलं. माझ्या मते स्टॅक्सचा खरा जन्म त्या गहाणखताच्या दिवशी झाला.

१९६० मध्ये त्यांनी मॅकलेमोर अव्हेन्यूवरचं एक बंद पडलेलं थिएटर भाड्याने घेतलं. नाव कॅपिटल. आपल्या तालुक्याच्या गावातलं एक पडदा असलेलं टॉकीज डोळ्यांसमोर आणा, म्हणजे नेमकं चित्र उभं राहील. खुर्च्या उखडल्या. पडदा होता त्या रंगमंचावर नियंत्रणकक्ष बांधला. आवाज घुमू नये म्हणून जाड पडदे टांगले. टॉकीजची जमीन मागून पुढे उतरती असते, ती सपाट करायला पैसे नव्हते, म्हणून उतार तसाच राहिला. जमीन आणि छत समांतर नसल्यामुळे त्या खोलीत आवाज सरळ आदळून परतत नसे. तिथल्या तालवाद्यांना आणि ब्रास वाद्यांना जो भरदार, थोडासा खडबडीत नाद आला, त्यात त्या उताराचा वाटा मोठा आहे. दुसऱ्या कुठल्या स्टुडिओत तो आवाज मिळत नाही म्हणून न्यूयॉर्कचे लोक आपले गायक घेऊन मेम्फिसला यायचे.

आणि वडापाव-समोसे विकायची जागा असते ना, तिकीटखिडकीशेजारी? तिथे एस्टेलने रेकॉर्डचं दुकान थाटलं. मला विचाराल तर स्टॅक्सचं अर्धं श्रेय त्या काउंटरला द्यायला हवं. वस्तीतली शाळकरी पोरं तासन्‌तास तिथे उभी असत. एस्टेल त्यांना हाकलत नसे. नवी रेकॉर्ड लावायची आणि कुणाचा पाय कुठे हलतो ते बघायचं, हा तिचा बाजारअभ्यास. आत मुद्रण चालू असताना नुकतं तयार झालेलं गाणं ती बाहेर वाजवून बघायची आणि पोरांना काय रुचलं ते भावाला सांगायची. स्टीव्ह क्रॉपर नावाचा गिटारवादक याच काउंटरवर विक्रेता होता. बुकर टी. जोन्स हा जवळपास राहणारा मुलगा याच दुकानात रेकॉर्डी ऐकून तयार झाला. १९६० मध्ये रूफस थॉमस आणि त्यांची मुलगी कार्ला यांचं गाणं मुद्रित होत होतं आणि बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवणारं कुणी हवं होतं. वर्ग चालू असताना बुकरला शाळेतून उचलून आणलं. वय वर्षं पंधरा.

ते गाणं आसपासच्या भागात चाललं आणि न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्सच्या जेरी वेक्सलरच्या कानावर गेलं. त्याने थोडे पैसे दिले आणि देशभर वितरणाची जबाबदारी घेतली. कागद नाही, फक्त तोंडी बोलणं. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे. १९६१ मध्ये सॅटेलाइट नावाची दुसरी कंपनी आधीच आहे असं कळलं, तेव्हा स्ट्युअर्टमधलं ‘स्ट’ आणि ॲक्स्टनमधलं ‘ॲक्स’ जोडून स्टॅक्स हे नाव झालं.

माझ्या हातातली निळी तबकडी आहे ‘ग्रीन अनियन्स’. १९६२ च्या उन्हाळ्यात एका गायकाचं मुद्रण लवकर आटोपलं आणि वादक वेळ जावा म्हणून वाजवत बसले. जिमने आतून टेप चालू केली. एक चीज आवडली, ती छापायची ठरली, पण तबकडीला दुसरी बाजू लागते. तेव्हा बुकरने ऑर्गनवर आधीपासून मनात असलेली एक धून काढली. भरतीची म्हणून केलेली ती बाजू अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचली. बुकर तेव्हा सतरा वर्षांचा होता.

त्या चौघांच्या संचाला बुकर टी. अँड द एमजीज म्हणतात. ऑर्गनवर बुकर, ड्रमवर अल जॅक्सन, गिटारवर क्रॉपर, आणि बेसवर आधी लुई स्टाइनबर्ग, पुढे डोनाल्ड डन. डन आल्यावर दोन कृष्णवर्णीय, दोन गोरे. हे कुठल्या शहरात, तर जिथे हॉटेलं, शाळा, पोहण्याचे तलाव सगळं गोऱ्यांचं वेगळं आणि काळ्यांचं वेगळं होतं. मुद्रण संपल्यावर चौघांनी एका टेबलावर जेवायचं म्हटलं तरी जागा शोधावी लागे. त्यांना हक्काचं ठिकाण होतं लोरेन मोटेल. कृष्णवर्णीय मालकाचं. बाहेरगावचे गायक तिथे उतरत, उन्हाळ्यात स्टुडिओ तापला की ही मंडळी तिथल्या तलावात डुंबायला जात, आणि स्टॅक्सची काही गाजलेली गाणी तिथल्याच खोल्यांमध्ये रात्री लिहिली गेली.

१९६२ मध्येच जॉर्जियाहून एक वाद्यवृंद आला. त्यांची गाडी चालवणाऱ्या तरुणाने संधी मागितली. दिवसाच्या अखेरीस उरलेल्या वेळात त्याने एक संथ गाणं म्हटलं. तो ओटिस रेडिंग. पुढची पाच वर्षं स्टॅक्सचा आवाज म्हणजे ओटिस.

आता त्या तोंडी कराराकडे येतो. १९६५ मध्ये अटलांटिकने तो लेखी केला. जिमने एक अट आग्रहाने घालून घेतली की वेक्सलरने अटलांटिकमधला आपला हिस्सा विकला, तर आम्ही मोकळे. बाकीचे कागद त्याने वकिलाला न दाखवता सही केले. लोक त्याला भोळा म्हणतात, मला ते पटत नाही. पाच वर्षं शब्दावर व्यवहार चालला होता आणि पैसे वेळेवर येत होते. त्या माणसावर विश्वास ठेवायला सबळ कारण होतं. पण त्या कागदात एक कलम होतं, ज्याने अटलांटिकने वितरित केलेल्या सगळ्या मुद्रणांच्या मास्टर टेपांची मालकी अटलांटिककडे गेली. मास्टर म्हणजे मूळ टेप, जिच्यावरून पुढच्या सगळ्या तबकड्या निघतात. आपल्या भाषेत सांगायचं तर नांगरणी, पेरणी, राखण सगळी स्टॅक्सची, आणि सातबारा अटलांटिकच्या नावावर. वेक्सलरने पुढे सांगितलं की ते कलम त्यालाही माहीत नव्हतं.

दोन-अडीच वर्षं कुणाला काही कळलं नाही. मग १९६७ मध्ये अटलांटिक वॉर्नर-सेव्हन आर्ट्‌स या कंपनीला विकली गेली. जिमची अट लागू झाली, त्याने मोकळं व्हायचं ठरवलं, आणि तेव्हा कागद पुन्हा उघडले.

त्याच हिवाळ्यात, १० डिसेंबर १९६७ ला, ओटिसचं विमान विस्कॉन्सिनमधल्या मोनोना तलावात कोसळलं. ओटिस सव्वीस वर्षांचा होता. त्याच्या साथीला असलेल्या बार-केज या संचातले चार जण गेले, विशीही न ओलांडलेली, स्टॅक्सच्या छत्राखाली वाढलेली मुलं. बेन कॉली हा ट्रंपेटवादक एकटा वाचला. तलावाच्या गार पाण्यात तो विमानातली एक गादी धरून तरंगत होता आणि मित्रांच्या हाका ऐकत होता. काही दिवसांपूर्वीच ओटिसने ‘डॉक ऑफ द बे’ मुद्रित केलं होतं. मित्र गेलेला असताना क्रॉपरने ती टेप पुरी केली, लाटांचा आणि समुद्रपक्ष्यांचा आवाज भरला. गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. आणि त्याचाही सातबारा अटलांटिककडेच होता.

४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, ती लोरेन मोटेलच्या सज्जात. ज्या जागेवर ही गोरी-काळी पोरं निर्धास्त बसत होती, तीच जागा. स्टुडिओतली मोकळीक त्यानंतर पहिल्यासारखी राहिली नाही, असं तिथल्यांनीच सांगून ठेवलं आहे. त्याच वसंतात अटलांटिकशी संबंध तुटला. आठ वर्षांची गाणी गेली.

अशा वेळी बहुतेक लोक कुलूप लावतात. कंपनीचं प्रसिद्धीकाम बघायला आलेले अल बेल, मूळचे रेडिओ निवेदक, यांनी उलटं केलं. गाण्यांचा साठा गेला ना, मग नवा साठा करू. पिवळं लेबल, चुटकीचा हात. ही जॉनी टेलर या गायकाची पिवळी तबकडी त्या नव्या डावातलं पहिलं मोठं यश. १९६९ च्या मध्यावर स्टॅक्सने एका दमात सत्तावीस अल्बम काढले. त्यातला एक आयझॅक हेज या गायक-संगीतकाराचा होता, ज्यात मोजून चार गाणी, आणि एक तर अठरा मिनिटांहून लांब. तो दहा लाखांवर खपला. हेजला १९७२ मध्ये सर्वोत्तम गीताचं ऑस्कर मिळालं. त्याच वर्षी २० ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या मैदानात एक डॉलर तिकिटात स्टॅक्सने दिवसभराचा कार्यक्रम केला, लाखभर माणसं आली.

पुढची पडझड मी थोडक्यात सांगतो. एस्टेल १९६९ मध्येच बाहेर पडली होती. नवा वितरणकरार सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीशी झाला, तो बिघडला, माल दुकानांत पोचेना, बँकेचं कर्ज थकलं, आणि डिसेंबर १९७५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज लागला. अल बेलवर खटला झाला, ते निर्दोष सुटले. कंपनी वाचवायला जिमने स्वतःचं घर पणाला लावलं होतं, तेही गेलं.

इमारत १९८९ मध्ये पाडली. बरीच वर्षं तिथे रिकामी जमीन होती. २००३ मध्ये त्याच जागी तसंच दर्शनी रूप उभारून संग्रहालय सुरू झालं, आणि बांधणाऱ्यांनी स्टुडिओची जमीन मुद्दाम उतरती केली. जिम लोकांसमोर येणं टाळायचा. २०१८ मध्ये मात्र तो तिथे आला आणि आपली फिडल संग्रहालयाला देऊन गेला. २०२२ मध्ये तो वारला.

आता निळी तबकडी लावतो. पहिल्यांदा एकटा ऑर्गन येईल, मग बाकीचे तिघे. खोलीचा आवाज ऐकू येतो का बघा.