ड्रमातला कढीपत्ता

(पुणे. घराची गच्ची, सकाळ. पाऊस नुकताच थांबलाय.)

रंगीत कुंड्या तिकडे कठड्याशी आहेत. झिनिया, पेंटास, एकेरी झेंडू. त्यांच्याकडे जाऊच, पण आधी या कळकट निळ्या ड्रमापाशी थांबू. यात कढीपत्ता आहे. निम्मा. बाकीचा कुणीतरी फस्त केलाय.

(पानाचं जवळून दृश्य.)

पानावर चिमणी शिटल्यासारखी दिसतेय ना? तीच ती. लिंबाळी फुलपाखराची अळी. शीट कोण खाणार, म्हणून हे सोंग. चौथ्यांदा कात टाकली की ती पानासारखी हिरवीगार होते. मग काडीनं डिवचलं, तर डोक्यामागून दुभंगलेलं तांबूस शिंग काढते आणि उग्र वास सोडते.

या घरातल्या आजी पूर्वी अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. आणि हल्ली फुलपाखरं येत नाहीत, असंही म्हणायच्या! आता त्यांनी वाटणी केलीय. ड्रमातला कढीपत्ता अळ्यांचा, स्वयंपाकघराच्या खिडकीतला फोडणीचा. तिकडे अळी सापडली, तर पानासकट इकडे रवानगी.

फुलावर फुलपाखरू जेवायला येतं. बाळंतपणाला मात्र माहेर लागतं, आणि ते ज्याचं त्याचं ठरलेलं. लिंबाळीचं लिंबू-कढीपत्त्यावर. प्लेन टायगरचं रुईवर. रेड पिएरोची अळी तर पानफुटीच्या जाड पानाच्या आतच पोखरत राहते. महाराष्ट्रानं २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरवलेलं नीलवंत, तेही लिंबाच्याच कुळातलं झाड शोधतं.

(कठड्याशी.)

आता फुलं. गेंदेदार झेंडू हाराला छान, पण त्या दाटीत सोंड घालायची कुठे? दुहेरी जास्वंदीत तर पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. म्हणून इथं सगळं एकेरी.

साध्या लाल जास्वंदीवर शिंजीर हा चिमुकला पक्षी आलाय. समोरून शिरायचे कष्ट नकोत, म्हणून फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध पितो. परागकण वाहायचं काम नाही, नुसतं जेवण. चोरच, पण काय रुबाब!

(संध्याकाळ. गुलबाक्षी उमलतेय. पुन्हा ड्रम.)

काडीला एक कोष टेकलाय, कमरेला रेशमी धागा बांधून.

(काही दिवसांनंतरची सकाळ.)

कोष रिकामा. शेजारी काळी-पिवळी लिंबाळी पंख वाळवत बसलीय. खाली स्वयंपाकघरात आजी फोडणीसाठी खिडकीतला कढीपत्ता तोडतायत. पान उलटून बघतात, मगच तोडतात.