परतणारा हात

पडद्यावर दिसणारे हे कृष्णधवल चित्रीकरण १९ जून १९३६ च्या रात्रीचे, न्यूयॉर्कमधील यांकी स्टेडियमवरचे आहे. एका बाजूला बावीस वर्षांचा, व्यावसायिक मुष्टियुद्धात तोपर्यंत एकही लढत न हरलेला जो लुई उभा आहे आणि त्याच्यासमोर जर्मनीचा माजी जगज्जेता माक्स श्मेलिंग. ही लढत लुई सहज जिंकेल, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. आपण मात्र दोघांचे चेहरे बाजूला ठेवून केवळ लुईच्या डाव्या हाताकडे लक्ष देऊ.

डावा पाय पुढे टाकून उभ्या राहणाऱ्या मुष्टियोद्ध्याची डावी मूठ पुढे, साधारण गालाच्या उंचीवर असते. उजवी मूठ हनुवटीपाशी राहते आणि उजवे कोपर बरगड्यांना लागून असते, कारण यकृत त्याच बाजूला आहे आणि तिथे नेमका बसलेला ठोसा भल्याभल्यांना गुडघ्यांवर आणतो. हनुवटी खाली झुकलेली हवी. जबड्यावर बाजूने फटका बसला तर डोके झटक्यात फिरते आणि कवटीच्या आत मेंदूला हिसका बसून शुद्ध हरपू शकते. हातांच्या या ठेवणीला गार्ड म्हणतात. आरशासमोर ती थोड्या दिवसांत जमते. खरी अडचण पहिला ठोसा मारल्यावर सुरू होते, कारण मारणारा हात तेवढ्या वेळापुरता पहारा सोडून गेलेला असतो.

जॅब मारताना डावी मूठ सरळ पुढे जाते आणि त्याच वेळी डावा खांदा वर चढून हनुवटीची ती बाजू झाकतो. मूठ ज्या रेषेने गेली त्याच रेषेने, उंची न सोडता, गालाशी परत यावी एवढाच नियम आहे आणि तो पाळणे फार कठीण आहे. थकलेला हात खाली झुकतच परततो. म्हणूनच सराव घेताना शिष्याचा हात खाली राहिला की प्रशिक्षक दुसऱ्या हातातल्या पॅडने, म्हणजे ठोसे झेलायच्या जाड गादीने, त्याच्या गालावर चापट देतो. शंभर वेळा सांगून जे कळत नाही, ते त्या चापटीने कळते.

लुईच्या बाबतीत कारण थकव्याचे नव्हते. त्याची मूठ पहिल्या फेरीपासूनच खाली उतरत परतत असे. खाली आलेल्या हाताला डाव्या हुकसाठी, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारायच्या ठोशासाठी, चांगली ओढ मिळते, त्यामुळे ही सवय अंगवळणी पडली असावी, असे चित्रीकरण पाहताना वाटते. आणि प्रतिस्पर्धी एकामागून एक कोसळत असताना ती मोडण्याची निकड कोणाला भासणार? श्मेलिंगने मात्र डिसेंबर १९३५ मध्ये लुईची पाउलिनो उझकुदुनबरोबरची लढत प्रत्यक्ष पाहिली, लढतींची चित्रीकरणे पुन्हापुन्हा तपासली आणि डाव्या जॅबनंतर जबड्याची डावी बाजू क्षणभर उघडी पडते, हे हेरले. श्मेलिंगचे मुख्य अस्त्र होते उजव्या हाताचा सरळ ठोसा, आणि नेमकी तीच वाट मोकळी राहत होती.

चौथ्या फेरीचे हे दृश्य आता संथ गतीने पाहा. जॅब संपतो, मूठ खाली येते आणि तिच्या वरून श्मेलिंगचा उजवा हात आत शिरतो. लुई व्यावसायिक कारकिर्दीत प्रथमच खाली पडला. तो उठला आणि आणखी आठ फेऱ्या उभा राहिला, ही त्याच्या चिवटपणाची साक्ष आहे. पण उजव्या हाताचे ठोसे येतच राहिले आणि बाराव्या फेरीत तो नॉकआउट झाला.

जगज्जेता झालेल्या लुईने २२ जून १९३८ रोजी त्याच मैदानावर श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवले. या विजयामुळे दोष दूर झाल्याचे मानले जाते. तो निष्कर्ष मला घाईचा वाटतो. या वेळी लुईने सुरुवातीपासूनच अंतर कमी केले, श्मेलिंगला दोरांकडे रेटले आणि उजवा हात सोडायला जी जागा व जो क्षण लागतो, तो मिळूच दिला नाही. इतक्या थोड्या वेळात, तेही सतत चढाई करणाऱ्याच्या गार्डची परीक्षा होत नाही.

ती परीक्षा ५ डिसेंबर १९४७ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाली. समोर जर्सी जो वॉल्कॉट होता. पहिल्या फेरीत लुई खाली पडला आणि चौथ्या फेरीत पुन्हा पडला, दोन्ही वेळा उजव्या हाताच्या ठोशाने. पंधरा फेऱ्यांनंतर पंचांचा निर्णय एकमताने झाला नाही. बहुमताने लुई विजयी ठरला आणि जगज्जेतेपद त्याच्याकडे राहिले.